लाजरी कमान

म्हाळूतात्यांनी माझं तोंड पहिल्यांदा पाहिलं ते आमची ओळख होऊन आठवडा उलटल्यावर. तोवर ते माझ्याशी बोलत होते, मला चहा पाजत होते, गावाकडची विचारपूस करत होते. पण हे सगळं माझ्या पायांशी चाललं होतं. आठवड्यानंतर एकदा त्यांची मान चुकून वर आली आणि ते दचकून म्हणाले, "आरं, तुमाला मिशा हायत व्हय!"

नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी कारकून म्हणून लागलो होतो. बावड्याहून निघताना एक ट्रंक, एक वळकटी आणि बारामतीत घेतलेले नवे काळे बूट एवढी माझी इस्टेट होती. पहिल्याच सकाळी फाटकातून आत शिरलो, तर वजनकाट्याच्या केबिनमधून एक काटकुळा माणूस बाहेर आला. खाकी सदरा, खांद्यावर टॉवेल, कानावर पेन्सिल. त्यानं माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "बूट काढा."

मला वाटलं, कारखान्याचा नियम असेल. काढले.

"मोजं बी."

मोजे काढून खिशात कोंबले.

"आता चाला. लांब नगं, त्या खांबापतुर. फिरा माघारी. हां, आता बसा."

उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. गाडीवान कासरे आवरून माझ्याकडे बघायला लागले. मी नव्या पँटीसकट फुफाट्यात बसलो. त्या माणसानं उकिडवं बसून माझ्या पायाच्या आतल्या अंगाला अंगठा दाबला, कानावरची पेन्सिल काढून तळव्याखाली सरकवून पाहिली आणि उठता उठता निकाल दिला, "कमान हाय. पन लाजरी हाय. मानूस उबा ऱ्हायला की आत जाती."

एवढं बोलून तो पुढची गाडी तोलायला निघून गेला. हेच म्हाळूतात्या. बूट परत घालायचे की नाही हे मला कुणी सांगितलंच नाही. मी तसाच अनवाणी साहेबांपुढे रुजू झालो. साहेबांनी माझे पाय पाहिले, हातातले बूट पाहिले आणि विचारलं, "नवस वगैरे आहे का?"

मी "हो" म्हणून गेलो. तो नवस मला पुढे महिनाभर निभवावा लागला.

तात्यांचं घराणं मेंढरांचं. वडील कळप घेऊन पार कोकणापर्यंत उतरायचे आणि चिखलातल्या खुरांवरून कुठली मेंढी लंगडायला लागणार हे आधीच सांगायचे. "बाच्या मागं हिंडून माझं डोळं खाली ग्येलं," तात्या म्हणत, "ते वर आलंच न्हाईत." मेंढरं गेली, रान कालव्याच्या पाण्यावर भिजायला लागलं, ऊस आला, आणि तात्या काट्यावर लागले. तिथं त्यांच्या डोक्यात जे शिरलं ते कायमचं.

काट्याचं काम असं, की उसाची गाडी आधी भरलेली तोलायची, ऊस उतरला की तीच गाडी रिकामी तोलायची. मधला फरक म्हणजे ऊस. तात्या या कामात इतके कडक, की गाडीवानाला खाली उतरवत, त्याची पाण्याची कळशी उतरवत, आणि एकदा तर गाडीला बांधलेलं कुत्र्याचं पिल्लू सोडवून मगच त्यांनी काटा पाहिला होता. तर त्यांचं म्हणणं, माणसाचा पायही गाडीसारखाच. बसलेला माणूस म्हणजे रिकामी गाडी, उभा राहिला की भरली. नुसतं एक माप घेऊन पायाबद्दल बोलणारा माणूस त्यांना काटा न बघता पावती फाडणाऱ्यासारखा वाटे. कुणी सहज जरी म्हणालं, "तात्या, पाय दुखतोय हो," तरी त्यांचा पहिला प्रश्न, "भरल्याला का रिकाम्याला?"

इथवर असतं तर ठीक होतं. पण माप घ्यायचं कसं, यावर तात्यांचं स्वतःशीच भांडण होतं आणि ते मिटायची चिन्हं नव्हती.

पहिली पद्धत ओल्या पायाची. पाय भिजवायचा, शहाबादी फरशीवर ठेवायचा, ठशात मध्ये कोरडी जागा किती राहते ते बघायचं. सोपं. पण पाणी जास्त झालं की भल्याभल्यांची कमान वाहून जाते, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात तात्या पेन्सिल काढेपर्यंत निम्मा माणूस वाळून गेलेला असे. मग त्यांनी कागदावर पाय ठेवून कडेनं पेन्सिल फिरवायला सुरुवात केली. ती उभी धरली तर पाय फुगायचा, तिरकी धरली तर बारीक व्हायचा. "पेन्शिल माझी, हात माझा, पाय त्येचाच, आन् दोन चितरं दोन मानसांची!" असं म्हणून ते चिडून कारखान्याच्या कॉलनीभर फिरले. नंतर बॉयलरच्या राखेचे दिवस आले. चाळलेली राख पसरून त्यात पाऊल उमटवायचं. राख भुसभुशीत, त्यामुळे राखेत सगळेच सपाट. नंतर काडेपेटी. माणसाला उभा करायचा आणि पायाच्या आतल्या अंगानं काडेपेटी आडवी सरकवायची. कितपत आत जाते ते बघायचं. ही पद्धत तात्यांना आवडली होती, पण विडी ओढणारे लोक माप संपल्यावर काडेपेटी खिशात टाकून निघून जात. शेवटी लाकडी पट्टी उभी धरून घोट्याखालचं आतलं हाड जमिनीपासून किती वर आहे ते बघायचं, एकदा बसवून, एकदा उभं करून. यात एकच अडचण, की पायाला हात लागला की लोक हसत, आणि हसला की माणूस हलतो.

तात्या एका पद्धतीवर कधी थांबले नाहीत. राखेवर असताना त्यांना पाणी आठवे, पाण्यावर असताना पट्टी. जेवताना मध्येच उठून पुन्हा मापायला येत. "मगाचं सकाळचं हुतं. सांजचा पाय येगळा असतो, बावडेकर." मी बावड्याचा म्हणून बावडेकर, माझं खरं नाव त्यांना लग्नपत्रिका वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

आमच्या दोघांच्या खोल्यांत एक भिंत होती. तात्यांच्या घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, आक्का, अशी दोनच माणसं. तात्यांनी लग्न केलं नव्हतं. आक्कांचं झालं होतं म्हणे, पण त्या इथंच असत. का, ते मी विचारलं नाही. आक्कांना काही विचारायची छाती कॉलनीत कुणाचीच नव्हती. त्यांच्या दोन म्हशी होत्या आणि त्यासुद्धा आक्कांना विचारून हंबरत.

आक्कांशी माझी पहिली भेट माझा पाय घमेल्यात अडकलेला असताना झाली. गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून तात्यांनी प्लास्टर ऑफ पॅरिसची पिशवी आणली होती. ठसा नव्हे, अख्खा साचाच घ्यायचा, म्हणजे भांडणच नको. मापाला माणूस हवा होता आणि मी रिकामा होतो. रिकामा असणं हा माझा जन्माचा दोष आहे. पायाला तेल लावायचं असतं हे त्या मूर्तिकारानं तात्यांना सांगितलं होतं आणि तात्या ते विसरले होते. घमेल्यात पाय घातला. आधी गार लागलं, मग गरम लागलं, मग काहीच लागेना; आणि तेवढ्यात ड्युटीचा भोंगा झाला.

"वढा!" तात्या म्हणाले.

मी ओढला. घमेलं बरोबर आलं.

मी घमेल्यासकट दोन उड्या मारल्या असतील, तेवढ्यात आक्का वरवंटा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी मला ओट्यावर बसवलं, भावाकडे एकदा पाहिलं आणि घमेल्यावर वरवंटा घातला. "ह्येला अक्कल न्हाय, ठावं हाय मला. पन तू तर शिकल्याला हायस ना रं?" प्रत्येक घावाला एक प्रश्न. पायाचे केस प्लास्टरबरोबर गेले. तात्या फुटलेले तुकडे जोडायचा प्रयत्न करत होते. "आक्का, हळू की जरा, टाचंकडचा भाग तरी ऱ्हाऊ दे." आक्कांनी टाचेकडचा भाग आधी फोडला.

तात्यांची ही कीर्ती हळूहळू पंचक्रोशीत गेली आणि तिला एक वेगळंच काम मिळालं. आमच्याकडे मुलगी बघायला गेलं, की घरातल्या म्हाताऱ्या तिला ओल्या पायानं फरशीवरून चालवत. फताड्या पायाची सून घराला अपशकुनी, ती नको, हा बायकांचा जुना हट्ट. पण ठसा वाचायचा कुणी, यावर वाद होत. मग लोक तात्यांना जीपमध्ये घालून घेऊन जायला लागले. तात्या आपली पिशवी घेऊन जात, पोहे न खाता तासभर खटपट करत आणि येत. पुष्कळ लग्नं त्यांच्या मापानंतर जमली. याचा मला अचंबा वाटायचा नाही. मला वाटायचं, इंदापूर तालुक्यातल्या मुलींचे पाय चांगले असतील.

आणि मग माझीच वेळ आली.

तिचं नाव वैशाली. लासुर्ण्याची, बारामतीच्या कॉलेजात बी.ए.ला. ती मला पहिल्यांदा एस.टी.त दिसली. गाडी खच्चून भरलेली, एक म्हातारी दोन कोंबड्या घेऊन दारात लोंबकळत होती. वैशालीनं उठून म्हातारीला जागा दिली आणि मला काही न विचारता कोंबड्या माझ्या मांडीवर दिल्या. लासुर्ण्यापर्यंत मी दोन कोंबड्या धरून बसलो होतो. माझ्या सदऱ्याचं जे व्हायचं ते झालं. उतरताना ती म्हणाली, "नीट धरल्यात, बरं का." एवढ्यावर माझं काम तमाम झालं.

चौकशी केली, स्थळ जुळण्यासारखं होतं, माणसं चांगली होती. प्रश्न एकच, आमची गोदाआत्या. वडील गेल्यापासून घरात आत्याचा शब्द शेवटचा. आई तिच्यापुढे मान हलवण्यापलीकडे काही करत नसे. आत्याला एकच गोष्ट पाहायची होती. "शिकलीया, दिसाया बरी हाय, मला मान्य. पन पाय बगितल्याबिगर मी सुपारी फोडू द्यायची न्हाय. तो तुमच्यातला मापाड्या हाय न्हवं? त्येला आन."

त्या दिवसापासून मला खाल्लेलं अन्न लागेना. हजेरीपटावर मी आलेल्यांना गैरहजर आणि रजेवरच्यांना हजर लावायला लागलो. वैशालीचे पाय मी पाहिले नव्हते. माझ्या मांडीवर कोंबड्या होत्या. पण असा नेटका माणूस, त्याचा पाय वेडावाकडा असणारच कसा, असा माझा पक्का हिशेब. भीती होती ती आत्याची. आज पाहील, उद्या म्हणेल पाणी कमी होतं. मग मला ती युक्ती सुचली. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक आपत्ती मला अशाच सुचलेल्या आहेत. मी ऑफिसातला जांभळा स्टँप पॅड, शाईची बाटली आणि ड्रॉइंगचा जाड कागद घेऊन तात्यांकडे गेलो. एकदा छाप घेतला की कागद आत्याच्या हातात, विषय बंद.

तात्यांना ते अजिबात आवडलं नाही. ते ओट्यावरून उठले, अंगणात गेले, परत आले.

"कागद कशाला? वली फरशी बरी."

"अहो, फरशी वाळते!"

"म्हनूनच बरी. कागद वाळत न्हाय, बावडेकर."

मला वाटलं, त्यांना नव्या पद्धतीची भीती वाटतेय. मी त्यांना शास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या पायांकडे, बराच वेळ पाहिलं.

लासुर्ण्याला आम्ही तिघं गेलो, आत्या, तात्या आणि मी. वैशालीचे वडील, आबा, हसतमुख माणूस. त्यांनी ओसरीवर सतरंजी घातली होती. पोहे आले. वैशाली आली. तिनं मला ओळखलं आणि विचारलं, "सदरा निघाला का धुऊन?" आत्यानं माझ्याकडे संशयानं पाहिलं. मग ती म्हणाली, "बाई, जरा पाय वलं करून चाल बगू."

तात्या लगेच तांब्या घेऊन उठले. "मी वततो पानी. मला बेतानं वतता येतं."

आणि मी, माझा मीच शत्रू, पिशवीतून पॅड काढून म्हणालो, "आत्या, पाण्यापेक्षा पक्कं काम करू. छापच घेऊ."

आत्या खूश झाली. तात्यांनी तांब्या खाली ठेवला. बोळ्यानं शाई लावताना त्यांचा हात इतका हळू चालला होता, की आबांनी विचारलं, "तात्या, रंगवताय का पुसताय?" वैशालीनं जांभळा पाय कागदावर टेकवला, उचलला, आणि मी ऐटीत कागद उचलून आत्यापुढे धरला.

कागदावर भाकरी होती. टाचेपासून बोटांपर्यंत अखंड, गोलसर, कुठंही पोकळी नसलेली जांभळी भाकरी.

आबा सतरंजीची दशी ओढायला लागले. वैशालीचं तोंड लाल झालं, पण तिनं मान खाली घातली नाही. माझ्या हातात तो कागद आणि कागद ठेवायला जगात कुठं जागा नाही. आत्यानं पदर सावरला. ती उठायच्या बेतात होती हे मी ओळखलं.

तात्यांनी माझ्या हातातून कागद काढून घेतला. उलटा धरला, उजेडाकडे धरला. "शाई पातळ हाय. पसारली. आन् ह्ये तर भरल्याचं माप झालं. रिकाम्याचं कुठं हाय?" त्यांनी वैशालीला खुर्चीत बसवलं, लाकडी पट्टी लावली. "बगा आत्याबाई. बसून बगा. दिसतीया का कमान?" काडेपेटी काढली. "कोपरा ग्येला का न्हाय आत? ग्येला." मग पुन्हा पाणी मागवलं, पुन्हा उभी केली, पुन्हा बसवली. कपाळावर घाम, टॉवेल खाली पडलेला, आणि तोंडानं सारखं चालू, "सकाळी याया पायजे हुतं. सांजचा पाय दमल्याला असतो. कालिजातनं आलीया पोरगी."

आत्या ऐकेना. "तात्या, माझ्याकडं बगून येका शब्दात सांगा. सपाट हाय का न्हाय?"

"सपाट कशाला म्हनायचं, ह्येच आजून ठरल्यालं न्हाय, आत्याबाई. आज चार पद्धती लावल्या आन् चारी चार सांगत्यात. ज्येचं त्येलाच ठरंना, तर मी पोरीला कसं म्हनू?"

"डोळं फुटल्यात का माझं? कागद काय सांगतोय?"

तेव्हा वैशाली म्हणाली, "माझे झाले बघून. आता यांचे बघा की. संसार काय माझ्या एकटीच्याच पायावर उभा राहणार आहे?"

मी ताडकन उठलो. मला सोडवणुकीची ही नामी संधी वाटली. चांगल्या पायाचा छापही या पातळ शाईत बिघडतो, हे दाखवलं की झालं. आणि माझी कमान तर तात्यांनी स्वतः मंजूर केलेली. तात्या घाईघाईनं म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, बावडेकर." पण तोवर मी बोळा फिरवून कागदावर उभा राहिलो होतो. नुसता उभा नाही, जोर देऊन.

कागद उचलला. वैशालीची भाकरी होती, माझा रोडगा होता. कडेला शाई ओघळून त्याला काठसुद्धा आले होते.

आधी आबा हसले. मग वैशाली हसायला लागली ती थांबेना. मी तात्यांकडे पाहिलं, "तात्या, तुम्ही तर म्हणाला होता..."

"लाजरी म्हनलो हुतो," तात्या पुटपुटले.

आत्यानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. तिच्या डोळ्यांत मला एकदम एक भीती दिसली. वाण आपलाच खराब निघाला आणि समोरच्या पार्टीनं तो पाहिला! "ह्यो आमच्याकडचा पाय न्हाय," ती घाईनं म्हणाली, "ह्यो त्येच्या आईकडनं आलाय." आणि आबांच्या मनात काही यायच्या आत म्हणाली, "भटजी कुठं असत्यात तुमचं? सुपारी फोडून घिऊ. चांगल्या कामाला उशीर कशाला?"

पोहे न खाणाऱ्या तात्यांनी त्या दिवशी माझीही बशी संपवली.

लग्नाची पत्रिका घेऊन मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा आक्का आत भाकऱ्या थापत होत्या. तात्यांना मी म्हणालो, "एक सांगा. इतक्या मुली पाहिल्यात. एकीला तरी सपाट म्हणालात का हो?"

ते उठले. रांजणाचं झाकण काढून पाणी बघितलं, पुन्हा झाकलं. "माप जमलं न्हाय कुठं."

"जमलं नाही, का जमू दिलं नाही?"

ते अंगणात गेले, दोर वाळत घातला होता तो उलगडला, पुन्हा गुंडाळला. आतून आक्कांचा आवाज आला. "सांग की त्येला. मला ठावं हाय, मग त्येला कळाया काय हुतंय?"

तेव्हा आक्काच पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"माझ्या सासरी बैल मेला. घटसर्पानं मेला, पन म्हातारीला कारन पायजे हुतं. ह्यो मला पंचमीला न्यायाला आलता. मिसरूड बी फुटलं न्हवतं, पन मेंढरामागं हिंडून नजर लई तेज. मी न्हाऊन आले, फरशीवर पावलं उमाटली. म्हातारी म्हनली, पोरा, मला दिसत न्हाय, तू सांग. मधी कोरडं ऱ्हायलंय का? ह्यो वाकला. नीट बगितलं. म्हनला, न्हाय." आक्कांनी हाताचं पीठ झटकलं. "पंचमीला आले ती आले. माघारी न्याया कुनी आलं न्हाय. आता पोरगं खरं बोललं, त्यात त्येचं काय चुकलं? मी कवा बोलले का त्येला?"

तात्या माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "तवा मला येकच पद्धत ठावं हुती."

मी पत्रिका पुढे केली आणि आक्कांनाही यायचा आग्रह केला. म्हणायची पद्धत म्हणूनच केला. त्या कुठल्याच लग्नाला जात नाहीत हे कॉलनीला माहीत होतं. आक्कांनी पत्रिका कोपरानं दाबून धरली.

"येनार हाय मी," त्या म्हणाल्या. "दुसरीकडं ग्येलं की दारात कुनीतरी पायाकडं बगतंच. तुझ्याकडं नवरा तसला, नवरी तसली. तितं मला काय भ्या?"

तात्यांची दोराची गुंडाळी हातातून सुटली.

बस्त्यासाठी आम्ही बारामतीला गेलो. बस्ता म्हणजे दोन्हीकडच्या बायका साड्यांच्या ढिगाऱ्यात बसतात आणि पुरुष बाहेर चहा पीत म्हातारे होतात. तात्या आले होते खरे, पण एका जागी थांबेनात. दुकानाच्या पायऱ्या चढत, उतरत, रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत येत. शेवटी मला दंडाला धरून म्हणाले, "चला बावडेकर, जरा काम हाय," आणि एका चपलांच्या दुकानात घेऊन गेले.

"बायकी चप्पल दावा. लग्नात घालाया."

दुकानदारानं नवी निघालेली चप्पल काढली. आत मध्यभागी गुबगुबीत उंचवटा. "ही घ्या, बाबा. सगळे हीच नेतात. ह्या उंचवट्यानं पायाला आराम पडतो."

तात्यांनी चपलेत हात घातला, उंचवट्यावर अंगठा दाबून पाहिला आणि ती परत काउंटरवर ठेवली.

"ही न्हाय चालायची. दिसभर टोचंल," ते म्हणाले. आवाज नेहमीचा पुटपुटता नव्हता. शेजारच्या बाकावर चपला घालून बघणाऱ्या बायकांनीही माना वळवल्या. "सपाट द्या. आमच्या आक्काचा पाय सपाट हाय."

दुकानदारानं माळ्यावरून साधी, सरळ तळाची चप्पल काढून आणली. "माप काय?"

माझा हात आपोआप खिशात गेला. पेन्सिल, कागद, काडेपेटी, काहीतरी लागणार. तात्यांनी काही मागितलं नाही. त्यांनी काउंटरच्या काचेवर वीत टाकली, तिच्या पुढे दोन बोटं जोडली आणि म्हणाले, "येवढं. आन् फुडनं जरा रुंद."

"नक्की ना? त्यांना एकदा घेऊन आला असता तर..."

"बरोबर हाय," तात्या म्हणाले.

त्यांनी खोकं बांधू दिलं नाही. तसंच काखेत मारलं, आणि बस्ता, बायका, मी, सगळे तिथंच ठेवून गर्दीतून वाट काढत ते भराभरा एस.टी. स्टँडकडे चालू लागले.